हात न लागलेलं

मालगुजारीणबाईंनी घास थुंकला तो माझ्या पायाजवळ पडला. अर्धवट चावलेली पुरी. मघाशी त्याच तोंडानं त्या म्हणाल्या होत्या, "काय खुसखुशीत झाली वं!" पुरी तीच, तोंड तेच. मधे एवढंच झालं होतं की मी माझ्या आईला हाक मारली.

गिरडचा बाजार होता. टेकडीच्या पायथ्याशी कंपनीची गाडी उभी होती. टपावर भोंगा, खाली टेबल, टेबलावर स्टो, त्यावर कढई, कढईत कंपनीचं डब्यातलं तूप. कढईमागे मी. मालगुजारीणबाईंनी पाण्याचा लोटा मागवला आणि सगळ्या बाजारादेखत चुळा भरल्या. एकदा, दोनदा, पुन्हा. घशात गेलेलं बाहेर काढायचं होतं त्यांना.

ती थुंकी मी विसरले नाही. पण खरा मार तो नव्हता. त्या बाईकडून मी कशाचीच आशा केली नव्हती. ज्याच्याकडून केली होती, तो माझ्या बाजूलाच उभा होता. त्याच्यापर्यंत यायला आधी माझं सांगते.

माझा जन्म गिरडजवळच्या एका गावातल्या महारवाड्यातला. बाप लवकर गेला. आई मालगुजारांच्या वावरात राबायची. मालगुजारांची जमीनदारी कायद्यानं गेली होती, पण वावर त्यांचं आणि राबणं आमचं, हे जागच्या जागी होतं. पोरगी चार अक्षरं शिकेल म्हणून आईनं मला वर्ध्याजवळच्या एका आश्रमात नेऊन सोडलं. मी तिथेच वाढले. शिकले, सूत कातलं, आणि स्वयंपाक करायला लागले.

आश्रमात माझ्या हातचं सगळे खायचे. खोटं कशाला बोलू? बामण, बनिया, परदेशातून आलेले गोरे पाहुणे, सगळे एका पंगतीत. पण पाहुणे आले की ताई, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख, मला पंगतीपुढे उभं करायच्या आणि म्हणायच्या, "हे जेवण आमच्या हरिजन मुलीनं केलंय हं." मग पाहुण्यांचे डोळे भरून यायचे. उकडलेला भोपळा खाताना कोणाचे डोळे भरून येतात का? त्यांचे यायचे. ते माझ्या हातचं खायचे ते एखादं व्रत करावं तसं. इतक्या वर्षांत एकानंही म्हटलं नाही की पोरी, आज आमटीत मीठ जास्त झालंय. किंवा आज वांगं झकास झालंय. माझ्या जातीला सगळे चाखायचे, भाजीला कोणीच नाही.

मला काय हवं होतं, ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आता येतं. कोणीतरी माझ्या हातचं खावं, बोटं चाटावीत आणि म्हणावं, हिच्या हाताला चव आहे. बस. सगळ्या आयाबायांना आयुष्यात कधी ना कधी हे ऐकायला मिळतं. मला ऐकायचं होतं.

अशात कंपनीचे साहेब आश्रमात आले. कंपनी सातासमुद्रापलीकडची. भुईमुगाच्या शेंगा विकत घेणं, तेल काढणं, तूप बनवणं, साबण, चहा, काय नव्हतं तिचं! आश्रमातल्या लोकांचं त्या डब्यातल्या तुपाशी वाकडं होतं. खोटं तूप म्हणायचे त्याला. साहेब समजूत घालायला आले होते. ती काही झाली नाही, पण जेवायला थांबले. त्या दिवशी मी चोरून फोडणीत लसूण घातला होता. साहेबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि विचारलं, "स्वयंपाक कोणी केलाय? हाताला चव आहे."

ताईंनी लगेच सांगितलं, आमच्या हरिजन मुलीनं. साहेबांचे डोळे भरून आले नाहीत. ते म्हणाले, "ते असू द्या. चव आहे."

माणूस विकत घ्यायला मोठी रक्कम लागत नाही. मला त्या दोन शब्दांत घेतलं होतं त्यांनी.

कंपनीला गावोगावच्या बाजारात स्वयंपाक करून दाखवणारी बाई हवी होती. लोकांसमोर त्या तुपात पुऱ्या तळायच्या, गरम गरम वाटायच्या. मी साहेबांना सरळ विचारलं, "माझी जात माहीत आहे ना तुम्हाला?" ते हसले. "कंपनीला जात नसते, बाई. यंत्राला असते का?" मी म्हटलं, नसते. मग त्याच आठवड्यात आश्रम सोडला. ताई बोलल्या, "त्या खोट्या तुपाकडे चाललीस?" मी पाया पडले आणि निघाले. भोपळ्याच्या मात्र पाया पडले नाही.

कंपनीनं मला साडी दिली. पांढरीशुभ्र, काठही पांढरा. साहेब म्हणाले, स्वच्छता दिसली पाहिजे. बांगड्या काढायला सांगितल्या, कणकेत काच तुटली तर? कुंकू लावू नका म्हणाले, घामानं पिठात पडतं. मला सगळं पटलं. मोठी कंपनी, मोठे नियम. आई एकदा वर्ध्याला भेटायला आली. मला त्या वेषात बघून तिनं तोंडाला पदर लावला.

"हे काय सोंग वं? कपाळ काऊन पुसलं? अजून तं तुय लगनबी नाई झालं."

"माय, कंपनीचा नियम हाय," मी हसून म्हटलं. "कुंकू पिठात पडते."

"आग लागो त्या पिठाले," ती म्हणाली आणि रडली. मला वाटलं, अडाणी आहे बिचारी. मी शिकलेली होते ना!

भोंग्यात बोलायचं कामही माझंच. साहेबांनी वाक्य पाठ करून घेतलं होतं: "यंत्रात बनलेलं, डब्यात बंद झालेलं, कोणाचाही हात न लागलेलं!" डब्यावरही तसंच छापलेलं होतं, शेंगेच्या चित्राखाली. मला ते वाक्य फार आवडायचं. कोणाचाही हात न लागलेलं, म्हणजे बामणाचाही न लागलेलं. यंत्रापुढे सगळ्यांचे हात सारखेच बाजूला. मी मोठ्या जोरात ओरडायचे ते.

पण गावातल्या बायांना त्यात वेगळंच ऐकू यायचं. हिंगणघाटला एका म्हातारीनं साहेबांना विचारलं, "हात नाई लागला म्हंजे कोनाकोनाचा नाई लागला?" साहेब म्हणाले, "कोणाचाच नाही, काकू. तुमच्या मनातला तर नाहीच. निर्धास्त खा." म्हातारी खूश झाली. मी पुरी उलटत होते. ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं साहेब चेष्टा करतात.

कारण मी हवेत होते ना! हिंगणघाट, समुद्रपूर, आजूबाजूची गावं, जिथे जिथे गाडी थांबायची तिथे बाया पुढे यायच्या, हात पसरायच्या. पाटलाघरच्या, बामणाघरच्या, तेल्याच्या, कुणब्याच्या. माझ्या हातातून पुरी घ्यायच्या. फुंकर मारून खायच्या. "बाई, तुमच्या हाताले काय चव हाय हो!" एकीनं तर माझी बोटं धरून डोळ्यांना लावली. त्या दिवशी मी गाडीच्या मागे जाऊन रडले. ड्रायव्हर रहीमभाईनं विचारलं, "क्या हुआ, बहन?" मी म्हटलं, "कुछ नहीं, मिर्ची." रहीमभाईनं मान फिरवली. तेव्हा वाटलं, माझं रडणं पाहवत नाही याला. त्याला वेगळंच काहीतरी पाहवत नव्हतं.

आणि मग गिरड.

गिरडला जायचं कळलं तेव्हापासून माझा पाय जमिनीवर नव्हता. माझा मुलूख. टेकडीवर बाबाचा दर्गा, तिथे लहानपणी आईच्या कडेवर बसून गेले होते. साहेबांना वाटायचं मी वर्ध्याचीच. त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. निरोप पाठवून आईला मात्र बोलावलं. बघू दे तिला, तिच्या पोरीच्या हातचं कोण कोण खातं ते.

साहेब नेहमी एक दिवस आधी जीप घेऊन पुढे जायचे. पाटील, मालगुजार, मास्तर अशा घरी चहापाणी करायचे, बायांना बाजारात पाठवा म्हणून सांगायचे. गिरडलाही गेले. मालगुजारीणबाई स्वतः आल्या, सोबत दोन बाया घेऊन. त्यांच्या वाड्याला खूश ठेवणं कंपनीला भागच होतं. या भागातल्या शेंगा कंपनीसाठी मालगुजारच गोळा करायचे, आणि डब्यांची एजन्सीही त्यांनाच मिळणार होती. बाईंनी पुरी घेतली, खाल्ली, तारीफ केली, दुसरी घेतली.

तेवढ्यात गर्दीच्या कडेला, लांब, उन्हात, मला आई दिसली. पदर सावरून उभी. पुढे यायचं नाही हे तिच्या अंगात मुरलेलं. मी झारा खाली ठेवला.

"माय! अवं माय, तिथं काऊन उभी? इकडं ये न!"

मी कढईतली ताजी पुरी घेतली, टेबलाला वळसा घालून गेले, आईच्या हातावर ठेवली आणि तिचा हात धरून तिला पुढे आणलं.

मालगुजारीणबाईंचा जबडा थांबला. "हे तं आमच्या वावरातली सखू," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. नाक एकच, डोळे एकच. मग तो घास माझ्या पायाजवळ पडला.

चुळा भरून झाल्यावर त्या माझ्यावर नाही, साहेबांवर ओरडल्या. "साहेब, मले काऊन फसवलं? तुमीच तं काल वाड्यावर येऊन सांगतलं, बामनाची इधवा बाई हाय, सोवळ्यातली हाय, बिनघोर खा म्हून!"

मी माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामी मनगटं. कपाळाला हात लावला, पुसलेलं. अंगावर पांढरी साडी, काठही पांढरा. स्वच्छता! आईला एका नजरेत कळलं होतं ते. मला शिकलेलीला नेसूनही कळलं नव्हतं. यांनी मला विधवा केलं होतं, बामण केलं होतं, आणि मला पत्ताही लागू दिला नव्हता.

रहीमभाई चाकाजवळ उभा होता. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? सगळ्या गावांत हेच सांगायचे?" त्यानं खाली पाहिलं. हो म्हणायला तोंड लागतंच असं नाही.

म्हणजे कोणीच खाल्लं नव्हतं. हिंगणघाटला नाही, समुद्रपूरला नाही. ज्या बाईनं माझी बोटं डोळ्यांना लावली, तिनं एका नसलेल्या बामणबाईची बोटं डोळ्यांना लावली. माझ्या हाताला चव आहे असं मला, साहेब सोडून, एकाही माणसानं सांगितलं नव्हतं. आश्रमात जात दाखवून वाढलं, इथे जात झाकून वाढलं. माझा हात दोन्हीकडे नव्हताच.

साहेब जवळ आले. आवाज मऊ, नेहमीसारखा. "बाई, घाबरू नका, मी सांभाळतो. तुम्ही फक्त भोंग्यात एवढंच म्हणा: मी नुसता स्टो पेटवला, तुपाला हात लावला नाही. तूप कोणाचाही हात न लागलेलं आहे. बस, मिटलं."

"तुम्ही म्हणाला होता, कंपनीला जात नसते."

"नसतेच. गिऱ्हाइकाला असते. आपण गिऱ्हाइकाचं ऐकतो." मग आणखी हळू म्हणाले, "तुमच्या भल्यासाठीच केलं हो मी. नाही तर खाल्लं असतं का तुमच्या हातचं कोणी?"

हे ते बोलले. मालगुजारीणबाई नाही, ते बोलले. दुसऱ्यांदा वाढून घेणारे, चव आहे म्हणणारे. त्यांना खरंच वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केलेत. मला त्या थुंकीची किळस वाटली नाही इतकी त्या मऊ आवाजाची वाटली.

तरी मी कदाचित बोलले असते. हो. सवयच होती ते वाक्य बोलायची, आणि सगळा बाजार माझ्याकडे बघत होता. पण मालगुजारीणबाई आता आईकडे वळल्या. "सखे, तुले अक्कल नाई? पोट्टीले असं सोंग काढून उभी करते?"

आणि माझी आई, जिनं काही केलं नव्हतं, तिनं हात जोडले. एका हातात अजून ती पुरी तशीच होती, न खाल्लेली. पुरीसकट हात जोडून ती म्हणाली, "चुकलं मालकीनबाई."

त्या जोडलेल्या हातांची नखं मला दिसली. काळी, चिरलेली. शेंगा उपटून, तोडून, फोडून झालेली. मालगुजारांच्या वावरातल्या शेंगा. कंपनीला गेलेल्या शेंगा. मी टेबलावरचा डबा बघितला. शेंगेचं चित्र, खाली ते वाक्य. एवढे दिवस मी ते ओरडत होते. माझ्या आईच्या हाताला मीच, माझ्याच तोंडानं, गावोगाव पुसून टाकत होते.

मी भोंगा घेतला. साहेबांना वाटलं मी ऐकलं. त्यांनी मान हलवून मला धीरही दिला.

"आयका," मी म्हणाले. आश्रमाची भाषा नाही, कंपनीची नाही. घरची. मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. वस्ती सांगितली. "हे माही माय. ह्या तुपाच्या शेंगा हिनं उपटल्या, हिनं तोडल्या. तुपाले आधी हिचा हात लागला, मंग यंत्राचा. आन् ह्या पुऱ्या माह्या हातच्या हायेत. हिंगणघाटले खाल्ल्या, समुद्रपूरले खाल्ल्या, त्याबी माह्याच हातच्या. मी बामनाची नाई. मी इधवा नाई. हात लागलेला हाय. समद्याले लागलेला हाय!"

साहेबांनी रहीमभाईला खूण केली. रहीमभाईनं बॅटरीची तार उपटली. भोंगा मेला. मी तशीच बोलत राहिले, बिनभोंग्याची. नाव पुन्हा सांगितलं. गाडीमागे कोणीतरी घशात बोट घालून ओकत होती, तिला ऐकू जावं म्हणून तिसऱ्यांदा सांगितलं.

साहेब शेवटी एवढंच म्हणाले, "साडी कंपनीची आहे. ती परत द्यावी लागेल."

आईनं गाडीआड लुगड्याच्या पदराचा आडोसा धरला. मी पिशवीतलं माझं जुनं हिरवं लुगडं नेसले आणि ती पांढरी साडी, घडी न घालता, कढईशेजारी टेबलावर टाकली. तूप लागलं तिला. लागू दे.

दर्ग्याच्या वाटेवर एक म्हातारा मणेर बांगड्या घेऊन बसला होता. त्यानं सगळं ऐकलं असणार. माझी रिकामी मनगटं बघून त्यानं काही विचारलं नाही, नुसता म्हणाला, "दे हात." माझा हात हातात घेतला, दाबला, बोटं जुळवली आणि एकेक बांगडी चढवली. दुखलं. आईनं बाजूच्या पालातून चिमूटभर कुंकू आणून बोटानं माझ्या कपाळाला लावलं. पुरी तिनं वाटेत खाल्ली. म्हणाली, "मीठ कमी हाय." मी म्हटलं, "हाय तं."

मीठ कमीच होतं. कंपनीच्या मापानं घालावं लागायचं.

रहीमभाई गाडी वळवताना थांबला. "बहन, मजबूरी थी," म्हणाला. मी म्हटलं, "मेरी भी थी." आणि पुढे चालू लागले.

ताईंचा निरोप आला, परत ये, तुझी जागा आहे. पाहुण्यांना तुझी हकीगत सांगू. मी कळवलं, येणार नाही. माझी हकीगत मी सांगेन, आणि भाजी चाखल्याशिवाय कोणाला रडू देणार नाही.

पुढचा समुद्रपूरचा बाजार आला. त्याच मैदानात कंपनीची गाडी आली होती. कढईमागे नवी पोरगी होती. पांढरी साडी, रिकामे हात, कोरं कपाळ. भोंग्यातून तेच वाक्य येत होतं, कोणाचाही हात न लागलेलं. तिला काय सांगून उभं केलं होतं, कोणास ठाऊक. मी जाऊन तिच्या कानात सांगितलं, "हा इधवेचा वेष हाय, बाई. विचार त्यायले, गावात तुले कोन म्हून सांगतात." तिनं साहेबांकडे पाहिलं. मी परत आले.

समोरच्या बाजूला, तिच्या अगदी नाकासमोर, आईनं तीन दगडांची चूल मांडली होती. कढईत घाण्याचं शेंगदाण्याचं तेल. मी कणीक मळली, मीठ माझ्या हातानं घातलं. पहिला घाणा सोडला आणि उभी राहून ओरडले. आधी माझं नाव. मग बापाचं. मग वस्ती. मग आरोळी:

"हात लागलेलं घ्या! माझा हात लागलेलं!"

बाया थांबल्या, बघितलं, पदर सावरून पलीकडे गाडीकडे गेल्या. कोणी आलं नाही. घाणा गार झाला तो आम्ही दोघींनी खाल्ला. मीठ बरोबर होतं. मी दुसरा घाणा सोडला.

नाव न सांगता आता एक घासही कोणाला चारणार नाही. खायचं असेल त्यानं ऐकून खावं, थुंकायचं असेल त्यानं ऐकून थुंकावं. मी पुन्हा उभी राहिले आणि नावापासून सुरू केलं.